शब्दचर्चा : ‘निःस्पृहपणे’ म्हणजे ‘पक्षपाताशिवाय’ का?

रामबाग, इंदूर : मुंबईतला शपथविधी टीव्हीवर पाहत होतो. मंत्री म्हणाले, ‘निर्भयपणे व निःस्पृहपणे, तसेच कोणाच्याही विषयी ममत्वभाव किंवा आकस न बाळगता’. आमच्या भोपाळात हेच ‘भय या पक्षपात, अनुराग या द्वेष के बिना’ होतं. मग निःस्पृह म्हणजे निःपक्षपाती का? आमच्याकडे तर ज्याला कुणाकडून काही नको त्याला निःस्पृह म्हणतात. मेळ लागून नाही राहिला.

जेल रोड (वकिली करतो) : घरचा अर्थच बरोबर. स्पृहा म्हणजे हाव, अभिलाषा. घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीतल्या इंग्रजी शपथेत इथे ‘फेव्हर’ आहे. हिंदीवाल्यांनी त्याचा सरळ ‘पक्षपात’ केला, म्हणजे समोरच्याला झुकतं माप. मराठीकारांनी बोट शपथ घेणाऱ्याकडेच वळवलं : मला काही नको. पक्षपाताचा बंदोबस्त पुढच्या ‘ममत्वभाव’ आणि ‘आकस’ यांनी होतोच. शब्दाला शब्द लावणारे याला चूक म्हणतील. मला मराठी पाठ जास्त पटतो. झुकतं माप बहुतेक वेळा काहीतरी पदरात पाडून घ्यायचं असतं म्हणूनच पडतं.

तोपखाना : रामशास्त्र्यांना निःस्पृह म्हणतो ते यासाठीच तर! पण मग सरकारी फायलींतली ‘सत्यनिष्ठा’? वडिलांच्या गोपनीय अहवालात तो रकाना असायचा, पुढे ‘संदेह से परे’. मराठीत काय म्हणायचं?

जेल रोड : सचोटी. दोन्ही शब्द इंग्रजी ‘इंटिग्रिटी’साठीच. केंद्राच्या 1964 च्या आचरण नियमांत हिंदीत ‘पूर्ण सत्यनिष्ठा’ आहे, महाराष्ट्राच्या 1979 च्या वर्तणूक नियमांत ‘नितांत सचोटी’. आपला शब्द व्यवहारातला. सचोटीचा वाणी असतो. सत्यनिष्ठ वाणी कुणी ऐकलाय?

खरी पंचाईत पुढे आहे. 3 मार्च 2011 ला सुप्रीम कोर्टानं केंद्रीय दक्षता आयुक्त, म्हणजे सरकारी भ्रष्टाचारावर नजर ठेवणाऱ्या आयोगाचे प्रमुख, पी. जे. थॉमस यांची नेमणूक रद्द केली. ते दोषी आहेत की नाहीत, हे कोर्टानं ठरवलंच नाही. केरळातलं पामोलिन (पामतेल) आयातीतलं भ्रष्टाचाराचं प्रकरण त्यांच्यावर प्रलंबित होतं. अशा नेमणुकीनं खुद्द आयोगाचं काय होईल, हे निवड समितीनं पाहिलं नाही, यावर निकाल उभा आहे. समितीत तिघं, त्यात विरोधी पक्षनेत्यांचा विरोध नोंदलेला. म्हणजे इंटिग्रिटी नुसती माणसाची पुरत नाही, संस्थेचीही लागते. आता ‘संस्थेची सचोटी’ म्हणून पाहा. जीभ अडते. सचोटी माणसाला असते, हापिसाला नाही.

सुदामानगर : ‘विश्वासार्हता’ चालेल की.

जेल रोड : जवळचा आहे, पण विश्वासार्हता लोकांच्या नजरेत असते आणि नजर फसवता येते. घटनेच्या उद्देशिकेत 1976 च्या 42 व्या दुरुस्तीनं हाच ‘इंटिग्रिटी’ शब्द आला, तिथे आपण ‘एकात्मता’ घेतलं, हिंदीनं ‘अखंडता’. दोन्ही देशासाठी ठीक, आयोगाला नाही लागत. पक्षकाराला समजावताना मी ‘संस्थेची निष्कलंकता’ म्हणतो. जड आहे, कबूल.

रामबाग : सरळ ‘अब्रू’ म्हणा ना! माणूस सुटेल न सुटेल, आयोगाची अब्रू गेली की गेली.

जेल रोड : अर्जात नाही लिहिता येणार. पक्षकाराला मात्र उद्यापासून हेच सांगतो.