ओला कचरा आधी गॅसला, उरेल तो खताला

सिडकोवासी (धागाकर्ता)
फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या कचरा डेपोजवळच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, रस्तोरस्ती ढीग लागले. मार्चमध्ये कचरा मिटमिट्याला नेला तेव्हा तिथं दगडफेकही झाली. ज्या गावांनी वर्षानुवर्षं अख्ख्या शहराची घाण सोसली, त्यांचा राग शंभर टक्के रास्त होता. त्यानंतर चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल इथं खताचे प्रकल्प आले आणि कांचनवाडीत रोज ३० टनांचा बायोगॅस, म्हणजे ओला कचरा बंद टाकीत कुजवून गॅस काढणारा प्रकल्प.

माझं म्हणणं असं की लातूर, नांदेड, परभणी, बीड, सगळ्यांनीच आता गॅसला पहिला मान द्यावा. नीट निवडलेल्या एक टन ओल्या कचऱ्यातून साधारण ८० ते १०० घनमीटर बायोगॅस निघतो. त्यात निम्म्याहून जास्त मिथेन असतो. हॉटेलवाल्याच्या भाषेत सांगायचं तर १९ किलोचे जवळपास दोन सिलिंडर. हाच कचरा डेपोत दबून कुजला की तिथंही मिथेनच तयार होतो आणि सरळ हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. उन्हाळ्यात डेपो पेटतात, त्यालाही हा गॅस हातभार लावतो. इंदूरमध्ये २०२२ साली रोज ५५० टन ओला कचरा घेणारा बायो-सीएनजी (गाड्यांसाठी शुद्ध करून दाबलेला बायोगॅस) प्रकल्प सुरू झाला. आपल्याला एवढा मोठा नको, पण दिशा तीच हवी.

मांजराकाठ
दादा, लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. आमच्या घरातली घागर न घागर मोजून वापरली त्या उन्हाळ्यात. आणि तुम्ही टाकीत पाणी ओतायला सांगायलात? कचऱ्याचा रबडा करायचा म्हणजे जवळपास कचऱ्याएवढंच पाणी लागतं. पाच टनांचा प्रकल्प म्हणजे रोज पाच हजार लिटर. खताच्या ढिगाला शिंपडण्यापुरतं पुरतं. मराठवाड्यात कुठल्याही योजनेला पहिला प्रश्न पाण्याचा विचारायचा, बाकी सगळं नंतर.

सिडकोवासी
प्रश्न रास्त आहे. पण प्यायचं पाणी कोण वापरा म्हणतंय? सांडपाणी प्रक्रिया केंद्रातलं पाणी चालतं. शिवाय स्लरी, म्हणजे गॅस निघाल्यावर टाकीत उरलेला पातळ रबडा, दाबून घट्ट भाग वेगळा केला की निघणारं पाणी परत रबड्यात घेता येतं.

टाकीवरचा माणूस
मी एका नगरपालिकेच्या बायोगॅसवर ऑपरेटर होतो, म्हणून बोलतो. पाणी फिरवता येतं हे खरं, पण तेच तेच फिरवलं की अमोनिया आणि क्षार साठत जातात. थोडं ताजं पाणी घालावंच लागतं.

पण पाण्यापेक्षा आमचा जीव घेतला तो वर्गीकरणानं. घंटागाडीवर ‘ओला कचरा’ लिहिलेलं, आत शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, डायपर, नारळाच्या शेंड्या. पट्ट्यावर दोघी मावश्या हातानं निवडायच्या, ग्लोव्हज फाटलेले, मधूनच ब्लेड निघायचं. जे सुटायचं ते मिक्सरच्या दांड्याला गुंडाळायचं. काथ्या आणि प्लास्टिकचा असा पीळ बसायचा की कोयत्यानं कापून काढावा लागायचा.

आणि टाकी जिवंत असते हो. आतले जिवाणू दोन जातीचे. एक अन्नाचं आम्ल करतात, दुसरे त्या आम्लाचा मिथेन. पहिले झपाट्यानं काम करतात, दुसरे सावकाश. एकदा ज्यूस सेंटरवाल्यांनी मोसंबीच्या साली ट्रॉलीभर आणून टाकल्या. सालीतलं तेल मिथेनवाल्यांना मारक असतं. टाकी आंबट झाली, पीएच (आम्लतेचं माप, कमी म्हणजे जास्त आंबट) सातावरून सहावर आला, बर्नर पेटेना. कचरा घालणं थांबवलं, चुना टाकला, शेण आणून पुन्हा विरजण लावलं. गॅस यायला महिना गेला. त्या महिन्यात गाड्या कुठं गेल्या? डेपोवरच. हिवाळ्यातही तेच. परभणीकडं पारा दहाच्या खाली जातो आणि गॅस निम्मा होतो.

काळी माती
मी गॅसच्या विरोधात आहे, आणि माझं कारण शेतीचं आहे. आपल्या जमिनीतला सेंद्रिय कर्ब घसरलाय, सोयाबीन आणि कापूस घेऊन घेऊन माती पार दमलीय. शहरानं खेड्यातून धान्य, भाजी, फळं नेली, त्यातलं उरलंसुरलं तरी शेताला परत यावं. तुम्ही त्यातला कर्ब शेगडीत जाळणार. आम्हाला तो जमिनीत हवाय. ढीग लावायचे, उलटवायचे, चाळायचं, सहा-आठ आठवड्यांत खत. तज्ज्ञ माणूस लागत नाही, महिनाभर बंद पडायची भीती नाही.

सिडकोवासी
ताई, मातीबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. पण ढिगात खत होतानाही निम्म्याच्या आसपास कर्ब हवेतच जातो, कार्बन डायऑक्साइड होऊन. ढिगात हात घातला की जी ऊब लागते ती त्याचीच. टाकीत तोच भाग इंधन होऊन हाताशी येतो. नत्र, स्फुरद, पालाश बरंचसं स्लरीतच राहतं. २०२३ मध्ये केंद्रानं गोबरधन योजनेतल्या (शेण-कचऱ्यापासून गॅस आणि खत करायची योजना) बायोगॅस प्रकल्पांच्या सेंद्रिय खताला टनामागे १५०० रुपये साहाय्यही जाहीर केलं.

काळी माती
स्लरी पातळ असते. टँकरनं २५ किलोमीटर न्यायची तर डिझेल कोण देणार? आणि चाळणीतून सुटलेली काच आमच्या शेतात आली तर? एकदा पायात घुसली की शेतकरी शहराच्या खताकडं पुन्हा बघत नाही. हे तुमच्या गॅसलाही लागू आहे आणि आमच्या खतालाही, ते मान्य.

मोंढ्यातला
वाद घरच्या कचऱ्यावर चाललाय. बाजाराचं बघा ना! भाजी मार्केटला पहाटेपासून कोबीचा पाला, सडके टोमॅटो, फुलकोबीची दांडी, सगळं एका जागी, प्लास्टिक जवळपास नाही. हॉटेलं आणि मंगल कार्यालयंही तशीच. लग्नसराईत एका कार्यालयाचं उष्टं पाहिलंय का कुणी? हे आधी टाक्यांना द्या.

टाकीवरचा माणूस
हेच मी तिथं सांगत होतो. फक्त लग्नाचं उष्टं एकदम ओतू नका. तेलकट आणि गोड असतं, टाकी फेसाळते. रोज ठरलेलं वजन, ठरलेली वेळ.

मांजराकाठ
आणि वासाचं? टाकीशेजारी राहणाऱ्यानं काय करायचं? नारेगावची चूक पाच ठिकाणी वाटून दिली तर ती काय बरोबर होईल?

टाकीवरचा माणूस
वास टाकीतून येत नाही, ती बंद असते. येतो तो गाडी रिकामी करायच्या जागेवरून, कचरा दुपारपर्यंत पडून राहिला की. गॅसमधल्या सडक्या अंड्याच्या वासाला स्क्रबर, म्हणजे गॅस साफ करणारं यंत्र, बसवतात. त्यातला लोखंडाचा भुसा वेळेवर बदलला तर प्रश्न येत नाही. आमच्याकडं बदलायला बिल मंजूर होत नव्हतं, कारण कंत्राटदाराला पैसे कचऱ्याच्या वजनावर मिळायचे. गाडी काट्यावर चढली की बिल निघालं, गॅस निघो न निघो. पैसे गॅसच्या मीटरवर द्या, मग बघा चुना, शेण, स्क्रबर सगळं कसं वेळेवर येतं ते.

काळी माती
मीटरवर पैसे दिले तर कंत्राटदार फक्त मार्केटचा माल उचलेल. वस्त्यांमधली मिसळलेली गाडी दारातूनच परत पाठवेल. तिचं काय?

सिडकोवासी
ती खताच्या प्रकल्पाकडं, जोवर त्या वॉर्डात वर्गीकरण सुधारत नाही तोवर. २०१६ च्या नियमांनीच ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करायला सांगितलं होतं. ते झालं तर वस्तीची गाडीही टाकीलाच जाईल.

काळी माती
म्हणजे चांगला माल तुम्हाला आणि काच आमच्या खताला. हे मला पटत नाही. मार्केटच्या पाल्यातला निदान निम्मा वाटा खताला ठेवा, मग पुढं बोलू.