बॅटरीच्या गाड्यांना आवाज हवाच, आणि स्कूटर-ई-रिक्षांना सगळ्यात आधी

काठीवाला
इंदूरला रामबागेत राहतो. बँकेतून निवृत्त, जन्मापासून दृष्टिहीन. आधीच सांगून टाकलेलं बरं.

मंगळवारी सकाळी साडेसहाला दूध घेऊन येत होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबलो, कान दिला. कुणीतरी ओटला धूत होतं, लांबवर कचऱ्याची गाडी तिचं गाणं वाजवत चालली होती. बाकी सामसूम. पाऊल टाकलं आणि काठी कुणी हिसकावून घ्यावी तशी हातातून गेली. बॅटरीची स्कूटर, घरपोच सामान देणारा मुलगा. आमची काठी घडीची असते, चार तुकडे आणि आतून इलॅस्टिकची दोरी. खालचा तुकडा चाकाखाली येऊन वाकला, दोरी लोंबायला लागली. मुलगा म्हणाला, "अंकल, देख के चलो ना." मग त्याला काठी दिसली असावी, कारण पुढे तो एक शब्द बोलला नाही. दुधाची पिशवी उचलून माझ्या हातात दिली. फुटली नव्हती.

पोरगा वाईट नव्हता, वेगही फार नव्हता. म्हणून तर लिहायला बसलोय.

डोळस मंडळींना वाटतं, आम्ही गाडीचा आवाज ऐकून थांबतो. थांबणं सोपं असतं हो. प्रश्न निघायचं केव्हा हा असतो, आणि ते आम्ही शांततेवर ठरवतो. सगळं गप्प झालं की रस्ता आपला. पेट्रोलची गाडी वळताना गिअर बदलते, इंजिनाचा सूर उतरतो, त्यावरून कळतं की ती माझ्या गल्लीत शिरणार की सरळ जाणार. उभी गाडी गुरगुरत असली तर ती केव्हाही निघेल हेही कळतं. पन्नास वर्षं ह्या हिशोबावर चाललो. आता गप्प रस्त्यावरही गाडी असते.

२०२५ च्या सप्टेंबरात केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने नियमाचा मसुदा काढला. बॅटरीवर चालणाऱ्या कार, बस आणि मालवाहू गाड्यांना हळू चालताना कृत्रिम आवाज सक्तीचा: नव्या मॉडेलांना १ ऑक्टोबर २०२६ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलांना १ ऑक्टोबर २०२७ पासून. चांगलंच आहे. पण त्यात दुचाकी नाहीत, ई-रिक्षाही नाहीत. आमच्या गल्लीत कार शिरते दिवसातून दहादा, स्कूटर आणि ई-रिक्षा शंभरदा. माझी काठी कारने मोडलेली नाही.

बॅटरीवाला
काका, लागलं नाही ना? ते महत्त्वाचं.

पण पटलं नाही. मी दीड वर्षापूर्वी बॅटरीची कार घेतली ती पेट्रोल वाचावं म्हणून आणि तितकीच शांततेसाठी. ह्या शहरात कान किटलेत. लग्नाचा डीजे, बुलेटचे फटाके, सिग्नल हिरवा व्हायच्या आत मागून हॉर्न. आत्ता कुठे एक वाहन असं आलं जे गप्प बसतं, तर त्याला भोंगा लावा म्हणे! माझ्या गाडीत तो आवाज आहे. पहिल्याच दिवशी बटण दाबून बंद केला, वडिलांना रात्री झोप लागत नव्हती.

आणि कायद्याचंच बोलायचं तर २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. ह्या आवाजाचं आंतरराष्ट्रीय मानक ताशी २० किलोमीटरला किमान ५६ मागतं. म्हणजे सरकार एका हाताने गप्प बसवणार आणि दुसऱ्या हाताने ओरडायला लावणार. चूक त्या पोराची होती, वळणावर बघायला हवं होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

छप्पनभोगी
सगळ्या स्कूटरना कचरागाडीचं गाणं लावा. अंध वाचतील, घराघरातून लोक बादल्या घेऊन धावतील, इंदूर स्वच्छतेत पुन्हा पहिलं. 😄

पिथमपूरकर
छप्पनभोगी, हसलो. पण गंमत म्हणजे ते उदाहरण कामाचं आहे. ती गाडी दिसायच्या आधी कुठे आहे, किती लांब आहे, येतेय की गेली, हे घरात बसलेल्या माणसालाही कळतं.

मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे, आवाजाच्या चाचण्या जवळून बघतो. बॅटरीवाले, तुमच्या ५६ बद्दल. हा आकडा संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १३८ मधला, २०१६ चा. ताशी १० किलोमीटरला किमान ५०, २० ला ५६, आणि पुढे जाताना कमाल ७५. हे मोजतात गाडीच्या मध्यरेषेपासून दोन मीटरवर माइक ठेवून. तुम्ही म्हणता ते ५५ आणि ४५ म्हणजे त्या भागातल्या आवाजाची कित्येक तासांची सरासरी. गाडी दोन-तीन सेकंदांत पुढे गेलेली असते. दोन्ही एका तराजूत घालता येत नाहीत. ५६ म्हणजे दोन माणसं ओट्यावर बसून बोलतात साधारण तेवढा. भोंगा म्हणणं जरा जास्त होतं.

दुसरं, २० च्या वर हा आवाज बंद झाला तरी चालतं, कारण तिथून टायरचा घासण्याचा आवाज पुरेसा होतो. अमेरिकेने ही मर्यादा ३० ठेवली. शिवाय तिथे गाडी उभी आहे पण गिअर "पार्क"वर टाकलेला नाही, अशा वेळीही आवाज हवा. काकांचा "गुरगुरत असली तर केव्हाही निघेल" हा मुद्दा त्यांनी नेमका धरलाय. आंतरराष्ट्रीय नियमात उभ्या गाडीला सक्ती नाही.

आवाज कसलाही चालत नाही. वेग वाढला की सूर चढला पाहिजे, उतरला की उतरला पाहिजे. आणि त्यातला काही भाग १६०० हर्ट्झच्या आत पाहिजे, कारण वय झालं की बारीक सूर आधी जातात. बारीक शिट्टीसारखा आवाज आजीला ऐकूच येणार नाही.

सुशीलामावशी
बरोबर बोललात भाऊ. मी ७४ ची. डोळे चांगले, मोतीबिंदू काढलाय, पण कान अर्धे. परवा मल्हारगंजात ई-रिक्षा माझ्या पदराला लागून गेली तेव्हा कळलं. रस्ता ओलांडताना माणूस मान एकाच बाजूला वळवू शकतो, दुसऱ्या बाजूचं कानच बघतात. हे फक्त अंधांचं म्हणू नका. आमच्या इमारतीत पार्किंगमध्ये पोरं खेळतात, तिथे एकजण बॅटरीची गाडी रिव्हर्स घेतो, नुसती सरकते. मी वरून ओरडते.

मृदुला
मी इथे विरोधात लिहितेय आणि मीही दृष्टिहीन आहे. तिसाव्या वर्षी दृष्टी गेली, आता काठी वापरते.

काठीवाले काका, तुमची काठी मोडली त्याचं वाईट वाटलं. पण आवाज हे उत्तर मला पटत नाही. तो ५० डेसिबलचा आवाज रामबागेत पहाटे ऐकू येईल. सियागंजात दुपारी त्याचं काय होणार? हातगाड्या, हॉर्न, टेम्पो, त्यात तो विरून जाणार. मग कंपन्या म्हणतील आम्ही नियम पाळला, चालक म्हणेल माझी गाडी तर वाजत होती. चूक पुन्हा आपल्याच गळ्यात.

मला चालायला फूटपाथ हवा. माझ्या ऑफिसच्या रस्त्यावर पिवळ्या खाचांच्या फरशा बसवल्यात, आमच्यासाठी. पायाखाली त्या धरून चालत गेलं की बेचाळीस पावलांवर विजेची डीपी येते. फरशा सरळ तिच्यात शिरतात. पहिल्या दिवशी कपाळाला टेंगूळ आलं, आता पावलं मोजते. सिग्नलला बोलणारा खांब नाही. डावीकडे वळणारे थांबतच नाहीत. एवढं सगळं सोडून आपण मागतो काय, तर स्पीकर.

आणि एक कडू बोलते. शहराला आधीच गोंगाटाचा वीट आलाय. त्यात आणखी एक आवाज आला की लोक नियम नाही वाचणार, म्हणतील ह्या आंधळ्यांपायी. मला ते नको आहे.

बॅटरीवाला
मृदुलाताईंनी माझंच म्हणणं माझ्यापेक्षा नीट मांडलं. पुरावा तरी काय आहे की शांत गाडीने जास्त अपघात होतात? एक काठी मोडली म्हणून देशभर नियम?

काठीवाला
पुरावा आहे. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याने २००९ मध्ये हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणाऱ्या गाड्या तपासल्या. थांबताना, रिव्हर्स घेताना, पार्किंगमधून निघताना पादचाऱ्याला धडकण्याचं प्रमाण पेट्रोलच्या गाड्यांपेक्षा दुप्पट निघालं. तिथल्या अंधांच्या संघटनेने लावून धरलं, कायदा झाला तो २०१० चा. ब्रिटनमधला अभ्यास २०२४ मध्ये छापून आला, २०१३ ते २०१७ च्या अपघातांवर. तेवढंच अंतर चालवलं तर बॅटरी-हायब्रिड गाडीने पादचाऱ्याला धडक बसण्याचं प्रमाण दुप्पट, शहरात तर तिप्पट. फोनने मला हे सगळं वाचून दाखवलं, कान दुखेपर्यंत.

बॅटरीवाला
ते परदेशातलं. आणि २०१३ ते २०१७ म्हणजे तिथेही आवाजाची सक्ती नव्हती.

पिथमपूरकर
बरोबर, युरोपात सक्ती २०१९ पासून नव्या मॉडेलांना आणि २०२१ पासून सगळ्या नव्या गाड्यांना. पण हे तुमच्या विरोधात जातं ना साहेब? आवाज नव्हता तेव्हाचाच तो आकडा. हो, आवाज आल्यावर तो किती खाली आला हे त्यातून कळत नाही, एवढं मी मानतो. तुम्ही दाबलंत ते बटणही युरोपच्या मूळ नियमात चालत होतं, पुढे काढून टाकलं.

छप्पनभोगी
काका, एक विचारू? राग मानू नका. तुम्ही टाइप कसं करता?

काठीवाला
बोटांनी.

मृदुलाताई, तुमच्या डीपीला मी साष्टांग दंडवत घालतो. फूटपाथ हवाच, खांब बोलायला हवेतच. पण आमच्या गल्लीत फूटपाथ होण्याइतकी जागाच नाही. तिथे माणूस, गाय, स्कूटर सगळे एकाच पट्टीतून जाणार, उद्याही आणि पन्नास वर्षांनीही. जिथे रस्ता वाटून घ्यायचा तिथे दुसरा कुठे आहे हे मला कळलं पाहिजे. "आंधळ्यांपायी" म्हणतील तर म्हणू देत, पन्नाशीच्या पुढे ह्या शब्दाचं काही वाटेनासं होतं. तुम्हाला वाटतं ते मी खोटं ठरवत नाही.

स्कूटरचं मात्र कुणीच बोललं नाही. ताशी २५ च्या आत वेग आणि २५० वॅटच्या आत मोटर असली तर त्या गाडीला ना नंबर, ना लायसन. शाळकरी पोरं चालवतात. कारला निदान टायर तरी रुंद असतात.

बॅटरीवाले, तुम्ही इंदूरचेच ना? रविवारी सकाळी गाडी घेऊन या. पोहे माझ्याकडून.

बॅटरीवाला
गेलो होतो. लिहायचं कबूल केलंय म्हणून लिहितो.

सकाळी सहा. काका गल्लीच्या तोंडाशी नव्या काठीसह उभे, पाठ आमच्याकडे. आवाज आला की हात वर करायचा, मी तिथून पावलं मोजायची. सगळ्या गाड्या साधारण दहाच्या वेगाने, प्रत्येकी तीनदा. शेजारच्यांची जुनी पेट्रोल स्कूटर: ३४ पावलांवर हात वर, त्यांनी गाडी कुणाची तेही सांगितलं. माझी गाडी, आवाज बंद: दोनदा सात पावलं, तिसऱ्यांदा हात वर झालाच नाही, माझा आरसा त्यांच्या कोपराजवळून गेला. गाडी मीच चालवत होतो. माझे हात ओले झाले. आवाज चालू: १९ पावलं. भाचीची बॅटरीची स्कूटर: चार, आणि काका म्हणाले तीही ऐकली नाही, तिच्या स्टँडची खडखड ऐकली.

बटण चालू करून ठेवलंय. रात्रीच्या आवाजाबद्दलचं मत तेच आहे, वडिलांना आता मागच्या खोलीत झोपवतोय. पोहे उत्तम होते, वरचा जिरावन मसाला घरचा.

सुशीलामावशी
आमच्या रिव्हर्सवाल्याला वाचून दाखवते.

मृदुला
सकाळी सहाला रामबागेत सगळ्याच गाड्या पास होणार. हीच परीक्षा अकरा वाजता जवाहर मार्गावर घ्या, मग सांगा किती पावलं.

काठीवाला
शून्य. न घेताच सांगतो. अकराला मी जवाहर मार्ग ओलांडतच नाही, कुणीतरी हात धरेपर्यंत उभा राहतो. एकट्याने चालायचे माझे हे सकाळचे दीड-दोन तासच आहेत मृदुलाताई, तेवढे तरी राहू देत.