दुर्बीण आणि पावसाळा

दुर्बिणीची भिंगं रोज पुसावीत का, या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे. आधी दाबला की हवा सोडणाऱ्या रबरी फुग्याने धूळ उडवायची, मगच मायक्रोफायबरचं फडकं. शर्टाचं टोक कधीच नको, धुळीच्या कणांनी भिंगावरच्या कोटिंगवर, म्हणजे पातळ लेपावर, चरे पडतात.

पण कोकणात खरी भीती बुरशीची. माझी ८×४२ दुर्बीण (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) एका पावसाळ्यात चामडी केसमध्ये कपाटात पडून राहिली. दिवाळीत उजेडासमोर धरली, तर आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे! फार जीव हळहळला. आता ती हवाबंद डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांसोबत असते. नारिंगी दाणे हिरवे पडले की बदलायचे किंवा वाळवायचे. आणि भिजलेली दुर्बीण लगेच डब्यात कोंडू नका, रात्रभर पंख्याखाली राहू द्या.