'रुतणे' म्हणजे नक्की काय? काटा रुतेल, पण फूल कसं?

अभिषेकीबुवांचं 'काटा रुते कुणाला' मी लहानपणापासून ऐकतेय. आम्ही फोंड्याचे, मंगेशी स्कूटरवरून पंधरा-वीस मिनिटं, त्यामुळे बुवा म्हणजे आपलेच असं घरात सगळ्यांना वाटतं (आडनावसुद्धा मंगेशाला अभिषेक करायच्या कामावरून पडलंय, मूळचे ते नवाथे). गाणं 'हे बंध रेशमाचे' या नाटकातलं, शब्द शांता शेळक्यांचे, चाल आणि आवाज बुवांचा. काटा रुतला हे कळतं, पण पुढे 'मज फूलही रुतावे, हा दैवयोग आहे' असं येतं तिथे मी कायम अडायचे, कारण फुलाला टोकच नाहीये.

आता टोचणं, बोचणं, खुपणं, सलणं, रुतणं हे सगळे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो पण ते एक नाहीत असं मला वाटतं. सुई टोचते आणि संपतं. थंडी बोचते, बोलणं बोचतं. डोळ्यात कुसळ खुपतं. काटा काढून टाकला तरी सलतं. पण रुतणं मात्र चाकाचंही असतं, पायाचंही असतं, पावसात कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) वाटेवर पाय रुतला की चप्पल चिखलातच राहते, आणि तिथे काही टोकदार नसतं, नुसता आपला भार असतो आणि खालची जमीन मऊ असते.

हे मला सुचलं ते दादामुळे. तो पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात स्विंडनला गेला त्याला आता सहा वर्षं झाली, भांडण नाही काही नाही, दर रविवारी न चुकता फोन करतो आणि शेवटी विचारतो, "बाय, तुला काही पाठवू?" इतक्या प्रेमाने विचारतो ना, की फोन ठेवल्यावर मला अर्धा तास काही करवत नाही. भांडला असता तर टोचलं असतं, विसरून गेले असते. मग एका रात्री भांडी घासताना हेच गाणं लागलं आणि हात थांबला माझा.

प्रतिसाद : ताई, तुमचं चिखलाचं उदाहरण आवडलं पण पटलं नाही. नाजूक माणसाला पाकळीसुद्धा लागते असं जुन्या काव्यात सारखं येतं, फूल रुतणं ही तीच अतिशयोक्ती. शब्दाचा मूळ अर्थ आत घुसणं एवढाच.

तशी ती अतिशयोक्ती असेल, पण मग 'लागावे', 'बोचावे' पण चाललं असतं. इथे ज्याला रुततंय तो स्वतःला नाजूक म्हणत नाहीये, दैवयोग म्हणतोय, म्हणजे फुलाचा दोष नाही आणि आपलाही नाही. मला तरी त्यात तक्रार ऐकूच येत नाही, आणि दादाबद्दल माझीही तक्रार नाहीये म्हणून असेल कदाचित.

प्रतिसाद : आमच्या डिचोलीत रेतीचा ट्रक रुतला की जितकं इंजिन रेटतात तितका तो अजून खाली जातो. तुमचा अर्थ धरला तर हे पण बसतं बघा. दादाला सांगितलंत का कधी?

नाही सांगितलं. अगदी बसतंय हे, जितकं जास्त विचारतो तितकं खोल. चवथीला (गणेश चतुर्थीला) गणपतीच्या वर माटोळी, म्हणजे फळाफुलांनी सजवलेली चौकट, बांधायला आधी आम्ही दोघं असायचो, तो स्टुलावर आणि मी खालून नारळ, सुपारीचे घोस हातात द्यायचे. यंदा मी एकटीने बांधली आणि व्हिडिओ कॉलवर दाखवली, तर बघता क्षणी म्हणाला उजवी बाजू खाली आलीय, तो मोठा घोस मधे घे. खरंच आली होती. फोन झाल्यावर परत स्टुलावर चढून मी तो घोस सोडला आणि मधे बांधला.

बरं, 'रुतणे'ला कोकणीत वेगळा शब्द आहे का कुणाला माहीत? आईला विचारलं तर ती काट्याला पण 'तोपलो' म्हणते आणि फुलाला काय म्हणशील विचारलं तर नुसती बघत राहते.