गुलाबांच्या युद्धांवरच्या कादंबऱ्या : बायकांच्या जमिनी कुठे गेल्या?

धागाकर्ता : पंधराव्या शतकात इंग्लंडच्या गादीसाठी यॉर्क आणि लँकेस्टर घराणी लढली, त्या गुलाबांच्या युद्धांवरच्या कादंबऱ्यांत सरदारांच्या बायका एकतर प्रेमात पडतात, नाहीतर चेटूक करतात. खरा झगडा जमिनीचा, आणि तोच गाळला जातो. वॉरिकची काउंटेस ॲन बीचम घ्या. तिचा नवरा, म्हणजे वॉरिकचा अर्ल, याचं निम्मंअधिक वैभव तिच्या माहेरचं. १४७१ मध्ये तो बार्नेटच्या लढाईत पडला आणि तिने ब्यूलीच्या मठात आसरा घेतला. क्लॅरेन्स आणि ग्लॉस्टर हे चौथ्या एडवर्ड राजाचे भाऊ तिचे जावई झाले. १४७४ मध्ये संसदेने ठरवलं, की ही बाई मेली आहे असं समजून इस्टेट मुलींना द्यावी. ती जगली १४९२ पर्यंत! याहून भयंकर प्रसंग कुठून रचणार?

प्रतिसाद १ : असहमत. कायद्याची कलमं आली की माणूस हरवतो. १४७३ मध्ये ग्लॉस्टरचा माणूस जेम्स टिरेल तिला मठातून उत्तरेला घेऊन गेला. पुढे ती पाहुणी होती की कैदी? लेकीशी काय बोलली? कागद गप्प आहेत. कादंबरीचं काम तिथेच सुरू होतं.

धागाकर्ता : पण कलम कळल्याशिवाय जावई तिला एवढे का घाबरले हेच कळत नाही. वॉरिकला राजद्रोही ठरवलं असतं, तर जमीन राजाची आणि जावयांना ती बक्षीस म्हणून मिळाली असती. बक्षीस काढून घेता येतं, वारसा काढणं अवघड. म्हणून त्याला तसं ठरवलंच नाही, आणि मग हयात काउंटेस आडवी आली. लेखक इथेच घोळ घालतात. नवरा राजद्रोही ठरला तर विधवेचा त्याच्या जमिनीतला तिसरा हिस्सा, म्हणजे डॉवर, बुडे. लग्नात दोघांच्या नावे केलेली जमीन, म्हणजे जॉइंचर, आणि माहेरची जमीन सहसा वाचे. सरसकट प्रत्येक विधवा कफल्लक दाखवणं चूक.

प्रतिसाद २ : कागद अगदीच गप्प नाहीत. कारकून नाही म्हणून काउंटेसने राजाला, राणीला, जावयांना स्वतःच्या हाताने पत्रं लिहिली, असं तिच्या अर्जातच आहे. आणि चेटूकही निव्वळ कल्पना नव्हे. १४६९ मध्ये वॉरिकने राणीची आई जॅकेटा हिच्या नवऱ्याचं डोकं उडवलं. त्यानंतर वॉरिकच्याच माणसाने शिशाची बाहुली पुढे करून तिच्यावर चेटकाचा आरोप केला. १४७० मध्ये ती निर्दोष सुटली. तिला खरोखरची चेटकीण दाखवणारा लेखक वॉरिकचाच आरोप खरा ठरवतो.

प्रतिसाद १ : जॅकेटाबद्दल पूर्ण सहमत. जॉइंचर समजावणारी पानं मात्र वाचक उलटून पुढे जातो. १४८७ मध्ये, पुढे राजा झालेल्या सातव्या हेन्रीने काउंटेसला इस्टेट परत दिली आणि त्याच वर्षी तिच्याकडून बहुतेक स्वतःच्या नावे करून घेतली. हे तिच्या बोलण्यातून यायला हवं, निवेदकाच्या टिपणातून नको.