पट्टा रुंद आहे, पण बंध कुणाकुणात?
आयआर (अवरक्त किरणांच्या शोषणाच्या) आलेखात ३३०० सेंमी⁻¹च्या आसपास (पट्ट्यांचे पुढचे आकडेही याच एककात) रुंद, फुगीर पट्टा दिसला की हायड्रोजन बंध (ओ-एचमधल्या हायड्रोजनचं ऑक्सिजनसारख्या दुसऱ्या अणूशी असलेलं सैल आकर्षण) समजावा, असं सांगितलं जातं. मान्य. पण तो बंध दोन रेणूंमधला की एकाच रेणूच्या आतला, हे त्या पट्ट्यावरून ठरत नाही. त्यासाठी द्रावण पातळ करत जायचं. इथेनॉल कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये घ्या (त्यात ओ-एच नाही, सी-एचही नाही, म्हणून तो भाग स्वच्छ राहतो). दाट द्रावणात ३३५०च्या जवळ रुंद पट्टा मिळतो. पातळ केलं की रेणू एकमेकांना भेटेनासे होतात, तो पट्टा ओसरतो आणि ३६३०च्या जवळ मोकळ्या ओ-एचचा टोकदार पट्टा उरतो. ऑर्थो-नायट्रोफिनॉलचं तसं होत नाही. त्याचा ओ-एच शेजारच्याच नायट्रो गटाला बांधलेला, त्यामुळे ३२५०च्या आसपासचा पट्टा कितीही पातळ केलं तरी जागचा हलत नाही. म्हणूनच ऑर्थो ४५ अंशांना वितळतो आणि वाफेबरोबर निघून येतो, पॅरा (ज्यात हे दोन गट समोरासमोर असतात, म्हणून बंध रेणूरेणूंमध्ये होतात) मात्र ११४ अंशांपर्यंत दाद देत नाही.

पातळ करताना सेलची (द्रावण ठेवायच्या पारदर्शक कुपीची) जाडीही वाढवायला हवी, नाहीतर सगळेच पट्टे खुजे होतात आणि काय गेलं, काय राहिलं कळत नाही. ओ-एचच्या या भागासाठी आयआर-दर्जाच्या क्वार्ट्झची १ सेंमीची सेल चालते. आणि केबीआरच्या (पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये नमुना मिसळून दाबलेल्या) गोळीवरून निष्कर्ष काढणाऱ्यांना एक विनंती: केबीआर हवेतली ओल पटकन शोषतो, आणि ३४००चा तो ‘सुंदर’ पट्टा बऱ्याचदा निव्वळ पाण्याचा असतो. आधी कोऱ्या (नमुना न घातलेल्या) गोळीचा आलेख काढून बघा.