गरब्याहून परतायची वेळ फक्त मुलींनाच का?

रावपुरावाली: काल आपल्या बडोद्याच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, "सोनं आपण उघड्यावर टाकत नाही, मग मुलींना बारापर्यंत गरब्याला का सोडता? अकराला घरी बोलवा." खाली चाळीस अंगठे! काका, सोनं चोरीला गेलं तर सोन्याला कुणी विचारतं का, तू चकाकत का होतास? माझा धाकटा भाऊ दीडला येतो, आई त्याला पोळ्या गरम करून वाढते. मला सव्वाअकरापासून फोनवर फोन.

मांजलपूरकर: तो काका मीच. दोन मुली, एक मुलगा आहे मला. कायदा सगळं झाल्यावर येतो, ताई, काळजी आधीच घ्यावी लागते. हेल्मेट घालताच ना?

रावपुरावाली: हेल्मेट दोघंही घालतात. आणि अकराची वेळ वाचवणार कुणापासून? एनसीआरबीचे, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाचे, आकडे बघा, बलात्काराच्या ९० टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो.

निवृत्त_मास्तर: मुळात गरबा बारापर्यंत चालतोच कशाला? लाउडस्पीकरला मर्यादा रात्री १० ची. सणाला १२ पर्यंत सवलत, तीही वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस. आमच्या मागे दीडपर्यंत ढोल. बीपीची गोळी घेऊनही झोप नाही.

हरणीकर: मास्तर, विषय काय, तुम्ही बोलताय काय!

निवृत्त_मास्तर: आवाज बंद झाला तर मुलगेही वेळेत घरी जातील. हाच विषय.

चनियाचोळी: ढोल राहू द्या, पार्किंगचं बोला. पासाचे पैसे भरपूर, मैदानात दिवसासारखा उजेड आणि गाड्या लावायच्या तिथे मिट्ट काळोख. मोबाइलची बॅटरी लावून अॅक्टिव्हा शोधत होते, दोघांनी वाट अडवली. तेव्हा दहा वाजले होते, काका. अकरा नव्हे.

हरणीकर: आयोजकांना दहा वेळा सांगितलं, एक हॅलोजन लावा. नाही म्हणजे नाही.

जुनी_बडोदेकर: १९२७ साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष आपल्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई होत्या. त्यांच्या गावात ही चर्चा?

मांजलपूरकर: महाराणींना पार्किंगमध्ये गाडी शोधावी लागत नव्हती.

जुनी_बडोदेकर: बरं, मग माझंच सांगते. मी तेरा वर्षांची, दुपारचे चार, आमचंच घर, माणूस नात्यातला. रात्री बाहेर जायची मला तेव्हाही बंदीच होती. उपयोग झाला?

मांजलपूरकर: मावशी, माफ करा. सोन्याचं ते मागे घेतो. काळजी मात्र मागे घेत नाही.

रावपुरावाली: उपकार झाले! मुलाचीही करा काळजी.

मांजलपूरकर: त्यालाही आत्ताच अकराची वेळ सांगितली. म्हणतो, "मी काय मुलगी आहे?" दोन्ही मुली आता त्याच्यावर तुटून पडल्यात. येतो जरा.